महार रेजिमेंट

महार रेजिमेंट : भारतीय भूसेनेच्या पायदळातील एक रेजिमेंट. स्थापना १ ऑक्टोबर १९४१, बेळगाव. केंद्र सागर (मध्य प्रदेश). घोषवाक्य ‘यश सिद्धी’. रणघोषणा ‘बोलो हिंदुस्तान की जय’. दुसऱ्या महायुद्धाला दोन वर्षे होऊन गेल्यावर, सैनिकांची निकड तीव्र झाली तेव्हा ही रेजिमेंट उभी राहिली. तिचा इतिहास मात्र १९४१ पासून सुरू होत नाही. एका समाजाला सैन्याचे दार कधी उघडले आणि कधी बंद झाले, याचा जो सव्वाशे-दीडशे वर्षांचा वृत्तान्त आहे, त्याचे हे शेवटचे प्रकरण होय. या वृत्तान्तातील एक गोष्ट प्रथमच ध्यानात घ्यावी लागते : दार उघडले ते प्रत्येक वेळी युद्धामुळे, आणि बंद झाले ते प्रत्येक वेळी शांततेत.

रेजिमेंट आणि पलटण हे शब्द मराठीत पुष्कळदा एकाच अर्थाने वापरले जातात. येथे पलटण म्हणजे सुमारे आठशे-नऊशे सैनिकांचे, एका कमान अधिकाऱ्याच्या हाताखाली लढणारे दल, आणि रेजिमेंट म्हणजे एक नाव, एक बोधचिन्ह व एक प्रशिक्षण केंद्र असणाऱ्या अशा अनेक पलटणींचे कुटुंब, असा भेद केला आहे. रेजिमेंट म्हणून सर्व पलटणी एकत्र लढत नाहीत. त्या निरनिराळ्या ब्रिगेडींत विखुरलेल्या असतात.

पूर्वपीठिका : मराठी मुलखातील गावगाड्यात वेसकर, तराळ, सांगाती, सीमेच्या वादातील साक्षीदार अशी कामे महारांकडे वतनाने चालत आली होती. गावाची राखण आणि वाटाड्याचे काम ही अर्धी लष्करी कामेच होत. शिवकाळात गडाच्या घेऱ्यात पहाऱ्यासाठी ज्या जातींची माणसे नेमली जात, त्यांत रामोशी व कोळी यांच्याबरोबर महारही होते. खर्ड्याच्या लढाईत (१७९५) सिदनाक महार याने परशुरामभाऊ पटवर्धन यांचे प्राण वाचविल्याची आख्यायिका महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. तथापि या सेवेमुळे गावातील स्थान बदलले नाही. रणात शेजारी चालणे आणि गावात सावलीही टाळणे या दोन्ही गोष्टी एकाच समाजव्यवस्थेत नांदत होत्या.

ईस्ट इंडिया कंपनीने मुंबई इलाख्याचे सैन्य उभारले, तेव्हा कोकण आणि देश या दोन्ही भागांतील महारांची त्यात मोठ्या प्रमाणावर भरती झाली. कंपनीच्या कागदपत्रांत त्यांचा उल्लेख पुष्कळदा ‘परवारी’ या नावाने येतो. नावापुढील ‘नाक’ हा प्रत्यय ही त्यांची दुसरी खूण. मुंबईच्या सैन्यात एकाच कंपनीत नाना जातींचे शिपाई असत आणि बढती बहुधा नोकरीच्या ज्येष्ठतेवर मिळे. त्यामुळे सुभेदार, जमादार या पदांपर्यंत महार शिपाई चढू शकत. बंगालच्या सैन्यात, जेथे उच्चवर्णीय शिपायांचा भरणा होता, असे घडणे शक्य नव्हते. हा फरक पुढील घटनांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

कोरेगाव : या सैन्याच्या इतिहासातील सर्वांत गाजलेला प्रसंग पुण्याच्या ईशान्येस भीमेच्या काठी घडला. डिसेंबर १८१७ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाचे सैन्य जुन्नरच्या बाजूने चाकणमार्गे पुण्याच्या रोखाने येत होते. पुण्यातील इंग्रज फौज तोकडी असल्याने शिरूरहून कुमक मागविण्यात आली. कॅप्टन फ्रान्सिस स्टाँटन हा मुंबईच्या पहिल्या रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीतील सुमारे पाचशे शिपाई, काही घोडेस्वार, दोन तोफा व मद्रास तोफखान्याचे गोलंदाज घेऊन ३१ डिसेंबरच्या रात्री निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी कोरेगावाजवळ पोहोचताच त्याला नदीपलीकडे पेशव्यांचा तळ दिसला. त्याने गावाचा आश्रय घेतला. पेशव्यांच्या सैन्यात स्वारच अधिक होते आणि गावाच्या तटबंदीत स्वारांचा उपयोग नव्हता. प्रत्यक्ष हल्ला अरब, गोसावी व कवायती पायदळ यांच्या तुकड्यांनी केला. १ जानेवारी १८१८ रोजी दिवसभर घराघरांतून लढाई झाली. स्टाँटनच्या शिपायांना रात्रभराच्या चालीनंतर अन्न नव्हते व पाणीही मिळत नव्हते. एक तोफ गेली आणि ती परत मिळविण्यात आली. रात्री पेशव्यांच्या फौजेने हल्ला थांबविला. जनरल स्मिथची फौज पाठलागावर असल्याने ती पुढे सरकली. स्टाँटनही पुण्याला न जाता शिरूरला परतला.

लढाईत निर्णायक विजय कोणाचा, हा वाद त्यामुळेच राहिला आहे. इंग्रजांनी मात्र तो आपला विजय मानला आणि १८२१ मध्ये कोरेगावात जयस्तंभाची पायाभरणी केली. त्यावर कोरलेल्या मृत शिपायांच्या ४९ नावांपैकी २२ नावे ‘नाक’ प्रत्ययाची आहेत. उरलेल्या नावांत मराठे, राजपूत, मुसलमान आणि यहुदीही आढळतात. ही पलटण मिश्र होती हे विसरून ती केवळ एका जातीची होती असे लिहिणे जितके चुकीचे, तितकेच त्या बावीस नावांकडे दुर्लक्ष करणेही चुकीचे आहे. शिलालेखावर इतर शिपायांबरोबर, त्याच ओळीत आणि त्याच आकाराच्या अक्षरांत ही नावे कोरली गेली. त्या काळी अन्य कोणत्याही सार्वजनिक दगडावर असे घडले नसते.

पुढील साठ-सत्तर वर्षांत मुंबईच्या पायदळाबरोबर महार शिपाई मुलतान, इराणचे आखात, चीन, अफगाणिस्तान अशा ठिकाणी गेले. दुसऱ्या अफगाण युद्धातील दुब्राई येथील ठाण्याच्या बचावात १६ एप्रिल १८८० रोजी एकोणिसाव्या मुंबई पायदळाचा मेजर वॉडबी मारला गेला. त्याच्याबरोबर प्राण देणाऱ्या दोन शिपायांपैकी एकाचे नाव सोननाक तननाक असे होते, तर दुसऱ्याचे इलाही बक्ष. मुंबईच्या कोट भागातील एका रस्त्याला वॉडबीचे नाव पुढे कितीतरी वर्षे होते.

लष्करातील नोकरीचा परिणाम केवळ पगार व निवृत्तिवेतन यांपुरता नव्हता. पलटणीच्या शाळांत शिपायांना व त्यांच्या मुलांना लिहिणे-वाचणे शिकविले जाई. गावच्या शाळेत ज्यांना ओट्यावरही बसता येत नव्हते, त्यांच्या दृष्टीने छावणीतील शाळा हे दुसरेच जग होते. दापोली, सातारा, पुणे, खडकी, महू या छावण्यांतून निवृत्त सुभेदार-जमादारांचा एक साक्षर, कवायतीत वाढलेला, अर्जविनंत्या लिहिता येणारा वर्ग तयार झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे वडील रामजी सकपाळ हे लष्करात सुभेदार आणि लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. १४ एप्रिल १८९१ रोजी आंबेडकरांचा जन्म महूच्या छावणीतच झाला.

भरतीबंदी : याच सुमारास धोरण बदलले. १८५७ च्या उठावानंतर इंग्रज सेनाधिकाऱ्यांत ‘लढाऊ जाती’चा सिद्धान्त रुजू लागला होता, सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्‌स (कार्यकाळ १८८५–९३) हा त्याचा मोठा पुरस्कर्ता. वायव्येकडील पंजाबी, पठाण, गुरखे हे जन्मजात लढवय्ये आणि दक्षिणेकडील लोक शांततेत राहून निःसत्त्व झालेले, असे तो मानी. रशिया अफगाणिस्तानमार्गे चाल करील या भीतीने या मताला अधिकच बळ आले. एका जातीच्या कंपन्या व पलटणी बनविण्याचा क्रम सुरू झाला, तेव्हा महारांची कंपनी कोणत्या पलटणीत बसवावी आणि महार सुभेदाराच्या हुकमात इतरांनी कसे राहावे, असे प्रश्न काढण्यात आले. पूर्वीच्या शंभर वर्षांत ते कोणी काढले नव्हते. १८९२-९३ च्या सुमारास महारांची लढाऊ पलटणींतील भरती थांबविण्यात आली.

सरकारने लढाऊपणाचे जे शास्त्र म्हणून सांगितले, त्यात शास्त्र थोडे व सोय अधिक होती. ज्यांच्या नावांचा स्तंभ सरकारनेच उभारला होता, त्यांना सरकारच आता लढण्यास अपात्र ठरवीत होते.

या निर्णयाविरुद्धचा पहिला लेखी प्रतिकार निवृत्त सैनिकांकडूनच झाला. कोकणातील गोपाळबाबा वलंगकर या निवृत्त सैनिकाने ‘अनार्य दोषपरिहारक मंडळी’ स्थापन केली होती. त्यांनी १८९४ मध्ये भरती पुन्हा सुरू करावी अशा आशयाचा अर्ज तयार केला. त्यांच्यानंतर पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी हे काम हाती घेतले. सासवड येथे अनेक गावांच्या महारांची सभा भरवून त्यांनी सरकारकडे अर्ज केला. १९१० मध्ये भारतमंत्री अर्ल ऑफ क्रू याच्याकडे पाठविलेल्या दुसऱ्या अर्जात लष्कर व पोलीस या दोन्ही खात्यांत प्रवेशाची मागणी होती. उत्तर अनुकूल आले नाही. लष्कराचे दार बंद झाल्यामुळे पुष्कळजण रेल्वे, गोद्या, कापडगिरण्या व खडकीचा दारूगोळा कारखाना यांकडे वळले. शिपायाऐवजी लष्कराचा मजूर, हा तो बदल होता.

एकशे अकरावी महार पलटण : पहिल्या महायुद्धाच्या तिसऱ्या वर्षी इंग्रजांना माणसे कमी पडू लागली. ‘लढाऊ’ जिल्ह्यांतून, विशेषतः पंजाबातून, जेवढी भरती होण्याजोगी होती तेवढी होऊन गेली होती. जून १९१७ मध्ये ‘१११ महार’ या नावाची पलटण उभारण्यात आली. पंचवीस वर्षांच्या बंदीनंतर महारांना सैन्यात घेतले, आणि तेही प्रथमच त्यांच्या नावाने. नवी पलटण शिकून तयार होईपर्यंत युद्ध संपत आले. तिला फारशी लढाई लाभली नाही. १९२० मध्ये ती ७१ व्या पंजाबी पलटणीत विलीन करण्यात आली आणि मार्च १९२१ मध्ये मोडण्यात आली. युद्धानंतरची काटकसर हे कारण खरे होते. पण काटकसरीत प्रथम कोणाला कमी करावयाचे, हे जुन्याच मतांनी ठरले.

चार वर्षांची ही नोकरी वाया गेली असे मात्र म्हणता येत नाही. कवायत शिकून आलेले हे तरुण पुढे निवृत्त सैनिक म्हणून गावोगावी राहिले आणि महाराष्ट्रातील अस्पृश्यांच्या चळवळीत माजी सैनिकांचे स्थान मोठे राहिले. डॉ. आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी कोरेगावच्या स्तंभापाशी गेले. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडचा सत्याग्रह झाला.

स्थापना : सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा भारतीय सैन्याची संख्या सुमारे दोन लाख होती, युद्धाच्या अखेरीस ती पंचवीस लाखांच्या घरात गेली. एवढी भरती जुन्या जातींच्या यादीतून होणे अशक्य होते. आसाम रेजिमेंट व बिहार रेजिमेंट १९४१ मध्ये उभ्या राहिल्या. पंजाबातील मजहबी व रामदासिया शिखांची रेजिमेंट, म्हणजे पुढील शीख लाइट इन्फन्ट्री, महार रेजिमेंटच्याच दिवशी, १ ऑक्टोबर १९४१ रोजी, जन्मली. उत्तर हिंदुस्थानातील चांभारांची ‘चमार रेजिमेंट’ १९४३ मध्ये स्थापन झाली.

महार रेजिमेंटच्या स्थापनेमागे आंबेडकरांचा पाठपुरावा होता. जुलै १९४१ मध्ये व्हाइसरॉयने नेमलेल्या राष्ट्रीय संरक्षण मंडळात त्यांचा समावेश झाला होता. नाझी जर्मनीचा विजय झाल्यास लोकशाहीबरोबर दलितांच्या आशाही संपतील, असे त्यांचे मत होते आणि म्हणून युद्धप्रयत्नाला त्यांचा पाठिंबा होता. पण तो बिनशर्त नव्हता. त्याच वर्षी मुंबई सरकारने महार वतनांवरील सारा वाढविला, तेव्हा त्यांनी त्याविरुद्ध चळवळ उभारली. महारांनी सैन्यात जावे असे ते सांगत, ते सरकारवर उपकार म्हणून नव्हे, तर हिरावून घेतलेला हक्क परत घ्यावयाचा म्हणून.

पहिली पलटण बेळगावला व दुसरी नागपूरजवळ कामठीला उभारण्यात आली. १९४२ मध्ये बेळगावलाच २५ वी आणि वायव्य सरहद्दीवरील नौशेरा येथे तिसरी पलटण तयार झाली. प्रारंभीचे अधिकारी इतर रेजिमेंटांतून आलेले होते. दुसऱ्या पलटणीतील एका अधिकाऱ्याने बोधचिन्ह तयार केले. त्यात कोरेगावचा स्तंभ होता आणि ‘महार’ हा शब्द.

पहिली व तिसरी पलटण वायव्य सरहद्द प्रांतात ठेवण्यात आल्या. दुसरी व २५ वी यांच्याकडे देशांतर्गत बंदोबस्ताचे काम आले. दुसरी पलटण पुढे ब्रह्मदेशाच्या मोहिमेत गेली व युद्धानंतर इराकमध्ये होती. तिची हानी थोडी झाली. युद्धाच्या मोठ्या आघाड्यांवर या रेजिमेंटला फार उशिरा आणि फार थोडे काम मिळाले, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. तिची कीर्ती त्या युद्धावर उभी नाही.

युद्धाच्या उत्तरार्धात घाईने उभारलेल्या दलांचे नशीब बहुधा ठरलेले असते. जर्मनीचे उदाहरण प्रसिद्ध आहे. १९४४ च्या उन्हाळ्यात पूर्व व पश्चिम अशा दोन्ही आघाड्या कोसळल्यावर तेथे ‘फोक्सग्रेनेडियर’ नावाच्या पायदळ डिव्हिजनांची उभारणी सुरू झाली. डिव्हिजन म्हणजे अनेक पलटणी, तोफखाना व पुरवठा यांसह स्वतंत्रपणे लढू शकणारी मोठी सेना. जुन्या जर्मन डिव्हिजनमध्ये सतरा हजारांच्या आसपास सैनिक असत. या नव्या डिव्हिजनांत सुमारे दहा हजारच होते. मोडलेल्या डिव्हिजनांचे उरलेले लोक, जहाजांवाचून बसलेले नौसैनिक, विमानांवाचून उरलेले वायुदलाचे कर्मचारी, रुग्णालयातून बरे होऊन आलेले जखमी यांतून त्या भरण्यात आल्या. माणसे कमी असल्याने ती उणीव स्वयंचलित बंदुका अधिक देऊन भरून काढण्याचा प्रयत्न झाला. काही आठवड्यांच्या शिक्षणावर त्या आघाडीवर गेल्या आणि मे १९४५ मध्ये, कित्येक तर वर्षही पुरे होण्याच्या आत, नाहीशा झाल्या. त्यांना ना मागचा इतिहास होता, ना पुढचा.

भारतातील युद्धकालीन रेजिमेंटांनाही हा धोका होताच. कोहिमाच्या लढाईत भाग घेतलेली चमार रेजिमेंट १९४६ मध्ये मोडण्यात आली. महारांचीही २५ वी पलटण त्याच वर्षी बंद झाली; तिची माणसे उरलेल्या तीन पलटणींत घेण्यात आली. १९२१ ची पुनरावृत्ती होण्याची भीती त्यामुळे निराधार नव्हती.

मशिनगन रेजिमेंट : ती टळली ती एका तांत्रिक निर्णयामुळे. ऑक्टोबर १९४६ मध्ये महार रेजिमेंटचे रूपांतर मशिनगन रेजिमेंटमध्ये करण्यात आले आणि तिचे केंद्र कामठीला स्थापन झाले. पुढे ते सागरला गेले. या रूपांतरामुळे बोधचिन्हात स्तंभावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन व्हिकर्स मशिनगना आल्या.

व्हिकर्स ही तिवईवर ठेवून चालवावयाची मध्यम मशिनगन होती. नळीभोवतीच्या पत्र्याच्या पिंपात सुमारे चार लिटर पाणी असे. सतत गोळीबाराने ते उकळू लागले की वाफ एका नळीवाटे डब्यात नेऊन थंड करीत व तेच पाणी पुन्हा वापरीत. अडीचशे काडतुसांचा कापडी पट्टा तीत एका बाजूने शिरे. मिनिटाला साडेचारशे ते पाचशे गोळ्या सुटत, आणि पाणी, पट्टे व बदली नळ्या मिळत राहिल्या तर ती तासन्‌तास चाले. बंदूक, तिवई, पाणी व दारूगोळा वाहून नेण्यास एक सबंध पथक लागे. नेम धरणाऱ्याला अंतर, कोन व वारा यांचा हिशेब करावा लागे. नजरेआड असलेल्या लक्ष्यावर नकाशाच्या आधारेही मारा करता येई. ज्यांना लढण्यास नालायक ठरविले होते, त्यांच्या हाती पायदळातील सर्वांत हिशेबी शस्त्र आले, ही घटना लक्षणीय होय.

मशिनगन पलटणीचा एक तोटा असा, की तिच्या कंपन्या व तुकड्या निरनिराळ्या ब्रिगेडींना वाटून दिल्या जातात. लढाईच्या वृत्तान्तात मग टेकडी घेणाऱ्या पलटणीचे नाव येते. तिच्या डोक्यावरून मारा करून शत्रूला दाबून ठेवणाऱ्या मशिनगनच्या तुकडीचे येतेच असे नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या पंधरा वर्षांतील महार रेजिमेंटचा इतिहास असा इतरांच्या इतिहासात विखुरलेला आहे.

स्वातंत्र्योत्तर कामगिरी : फाळणीच्या वेळी रेजिमेंटच्या तिन्ही पलटणी पंजाब सीमा दलात होत्या. निर्वासितांच्या तांड्यांना संरक्षण देणे हे त्यांचे काम होते. जमातीच्या द्वेषाने सारा प्रांत पेटलेला असता, दोन्ही बाजूंशी रक्ताचे नाते नसलेल्या दक्षिणेकडील सैनिकांचा तेथे विशेष उपयोग झाला. त्यानंतर लगेच काश्मीरमधील युद्धात (१९४७-४८) महार मशिनगनर डोंगरमाथ्यावरील ठाण्यांच्या बचावास गेले. त्या युद्धातील पराक्रमाबद्दल नाईक कृष्णा सोनावणे यांना महावीरचक्र मिळाले.

रेजिमेंटच्या घडणीत महत्त्वाचा बदल १९५६ मध्ये झाला. फाळणीनंतर पंजाबच्या सीमेवर उभारलेल्या सीमा स्काउटांच्या तीन पलटणी महार रेजिमेंटमध्ये आल्या आणि त्या तिच्या चौथ्या, पाचव्या व सहाव्या पलटणी बनल्या. त्यांतील सैनिक उत्तरेकडील निरनिराळ्या जातींचे होते. त्यामुळे एका जातीच्या नावाची ही रेजिमेंट प्रत्यक्षात अनेक जातींची झाली. त्यानंतर उभारलेल्या पलटणींत भारताच्या सर्व भागांतील सैनिक घेतले जाऊ लागले. काही पलटणींत महाराष्ट्रातील सैनिकांचे प्रमाण अधिक, तर काहींत सर्व प्रांतांची सरमिसळ, असे आजचे स्वरूप आहे. १९६३-६४ च्या सुमारास मशिनगन पलटणींचे रूपांतर सामान्य पायदळात झाले. व्हिकर्स गेली, बोधचिन्हात मात्र राहिली.

१९६२, १९६५ व १९७१ या तिन्ही युद्धांत रेजिमेंटच्या पलटणी होत्या. श्रीलंकेतील भारतीय शांतिसेनेत आठव्या पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन हे २५ नोव्हेंबर १९८७ रोजी जाफना भागात रात्रीच्या शोधमोहिमेवरून परतत असता त्यांच्या तुकडीवर दबा धरून बसलेल्या दहशतवाद्यांनी हल्ला केला. त्यांनी तुकडी वळवून हल्लेखोरांच्या पिछाडीला घातली. समोरासमोरच्या झटापटीत छातीत गोळी लागल्यावरही त्यांनी एका हल्लेखोराची बंदूक हिसकावून त्याला ठार केले आणि शेवटपर्यंत हुकूम देत राहिले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. शांतिसेनेतील हे एकमेव परमवीरचक्र होय. परमेश्वरन यांचा जन्म मुंबईचा, घराणे तमिळ भाषिक. महार रेजिमेंटचा सर्वोच्च सन्मान एका तमिळ घराण्यातील अधिकाऱ्यामुळे आला, ही गोष्ट या रेजिमेंटचे बदललेले रूप दाखविण्यास पुरेशी आहे. सोमालियातील संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत (१९९३-९४) पाचव्या पलटणीने भाग घेतला. राष्ट्रीय रायफल्सची पहिली पलटण महार रेजिमेंटशी संलग्न आहे.

दोन भूसेनाप्रमुख या रेजिमेंटने दिले : जनरल के. व्ही. कृष्णराव (१९८१–८३) आणि जनरल कृष्णस्वामी सुंदरजी (१९८६–८८). कृष्णराव १९४२ मध्ये दुसऱ्या पलटणीत दाखल झाले होते, म्हणजे रेजिमेंटच्या जन्मानंतर वर्षभरात. सुंदरजींनी पुढे भारतीय पायदळाच्या यांत्रिकीकरणात पुढाकार घेतला.

नाव आणि स्तंभ : १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे आंबेडकरांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली आणि त्यांच्यामागून महार समाजातील लक्षावधी लोकांनी. जातीचे नाव मागे टाकण्याचा निश्चय ज्यांनी केला, त्यांच्याच एका सन्मानाचे स्थान त्या नावाने चालत राहिले. जातिवाचक रेजिमेंटा स्वतंत्र भारतात असाव्यात की नाहीत, या सामान्य प्रश्नापेक्षा हा प्रश्न वेगळा आहे. राजपूत वा जाट या नावांना लढाऊपणाची मान्यता आधीपासून होती. येथे ती मान्यता झगडून मिळवावी लागली. म्हणून नाव बदलावे अशी सूचना आली तरी ती मनापासून उचलणारे थोडे. बोधचिन्हात मात्र बदल झाला. स्वातंत्र्योत्तर काळात कोरेगावच्या स्तंभाच्या जागी खंजीर आला. इंग्रजांच्या विजयाचे स्मारक स्वतंत्र देशाच्या सैनिकाच्या टोपीवर असू नये, हा विचार त्यामागे दिसतो. तो समजण्याजोगा आहे. पण स्तंभाचा अर्थ जयस्तंभ एवढाच घेतल्यामुळे त्यावरील नावांचा अर्थ बाजूला पडला, असेही म्हणावे लागते.

चाकण–शिक्रापूर रस्त्याने आता मोटारींच्या कारखान्यांचा माल वाहणारी वाहने अखंड जातात. या रस्त्याने नगर रस्त्याला लागल्यावर पुण्याच्या दिशेस थोड्याच अंतरावर कोरेगाव आहे. १ जानेवारीला तेथे लाखो लोक जमतात, आणि गणवेषात व पदके लावून आलेले रेजिमेंटचे माजी सैनिक स्तंभाला मानवंदना देतात. या पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला, पिंपरी-चिंचवडच्या पलीकडे, देहू रोड आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथे लष्करी कोठारे आली आणि त्यांच्यामागे कामगारांची वस्ती. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. आंबेडकर यांनी या वस्तीतील विहारात बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. धर्मांतराला तेव्हा दोन वर्षे अवकाश होता. त्याचा वर्धापनदिन तेथे दरवर्षी साजरा होतो.